टेबल रनरच्या पोटात काय भरावं, पाठीला काय लावावं

टेबल रनर, म्हणजे टेबलावर मधोमध लांबीने अंथरायची कापडी पट्टी, शिवायला घेतला की सगळा जीव वरच्या कापडात गुंततो. कोणते रंग घ्यायचे, तुकडे कसे जोडायचे, गोट कुठल्या रंगाचा लावायचा यावर दोन-दोन दिवस खल होतो. मधलं भरण आणि खालचं अस्तर मात्र दुकानात उभ्या उभ्या घेतलं जातं. रनर टेबलावर सपाट पडेल का, त्यावर ठेवलेला पाण्याचा पेला सरळ उभा राहील का, पहिल्या धुण्यानंतर आकार टिकेल का, हे सगळं या दोन न दिसणाऱ्या थरांवर अवलंबून असतं. म्हणून माझं सांगणं असं की, वरचं कापड आवडीने निवडा, पण आतलं भरण आणि अस्तर कामाकडे पाहून निवडा.

रनरचं काम काय, हे आधी ठरवावं. आपल्या खानदेशात जेवणाच्या टेबलावरच्या रनरची बरीच परीक्षा होते. गॅसवरून उतरवलेलं शेवभाजीचं पातेलं त्यावर येतं, भरिताचं ताट येतं, वरण-बट्टीच्या दिवशी तुपाची वाटी कलंडते, आणि लाल तर्रीचा एकही थेंब सांडला नाही असं जेवण विरळाच. असा रनर वारंवार धुवावा लागणार. दिवाणखान्यातल्या टीपॉयवर फुलदाणीखाली राहणारा रनर वर्षातून दोनदा धुतला तरी पुरतो. कानबाई (खानदेशात पुजली जाणारी देवी) बसवताना चौरंगावर अंथरायचा रनर तर सणापुरता बाहेर येतो आणि पुन्हा घडी होऊन कपाटात जातो. या तिघांना एकच भरण घालण्यात अर्थ नाही.

जाडी किती हवी

गोधडीत जाड भरण असलं तर ऊब मिळते, अंगाला बरं वाटतं. रनरमध्ये तीच जाडी त्रास देते. फुगीर भरणावर पेला तिरका उभा राहतो, वाटी डुगडुगते. टेबलाच्या कडेवरून खाली सोडलेलं टोक सरळ न पडता पुढे फळीसारखं उभं राहतं. रनरसाठी दोन ते तीन मिलिमीटर जाडीचं, घट्ट आणि मऊ भरण पुरेसं आहे.

इथे बाजारातल्या एका आकड्याने घोळ होतो. भरण विकताना ‘इतके जीएसएम’ असं सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. हे वजन आहे, जाडी नाही. १५० जीएसएमचं दाबून बसवलेलं सुती भरण पातळ सपाट असतं. तेवढ्याच वजनाचं पॉलिस्टर वाडिंग, म्हणजे पॉलिस्टरच्या तंतूंचं भरण, बोटभर फुगलेलं असू शकतं, कारण त्यात हवा जास्त असते. त्यामुळे आकडा ऐकून घेऊ नका. तुकडा टेबलावर पसरवा, त्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवा आणि जरा हलवून पाहा. दुकानदार एवढं करू देतो.

टाक्यांचाही जाडीशी संबंध आहे. टाके जितके दाट, तितका रनर ताठ होतो आणि थोडा आखूडही होतो, कारण प्रत्येक टाका कापडाला किंचित आत ओढतो. जाड भरणात ही ओढ जास्त असते. बरोबर सहा फुटांचा रनर हवा असेल, तर टाके घालून झाल्यावरच कडा कापून माप पक्कं करावं. तोवर भरण आणि अस्तर चारही बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर राहू द्यावं.

शेतातला कापूस का चालत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हा प्रश्न हमखास येतो. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन, घरोघर कपाशी, रस्त्याने जाताना दिसणाऱ्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या. मग भरण विकत का घ्यायचं? घरचाच कापूस पिंजून घातला तर?

गादीत तो चालतो. गादीत थर जाड असतो, कापूस दाबून भरलेला असतो, गादी पाण्यात बुडवून धुतली जात नाही, आणि काही वर्षांनी ती उसवून कापूस पुन्हा पिंजून घेता येतो. सरकी काढलेली रुई पिंजली की तंतू मोकळे होतात, फुलतात, पण एकमेकांना धरून राहत नाहीत. रनरमध्ये थर पातळ आणि धुणं वारंवार. पाण्यात पडला की हा सुटा कापूस सरकतो, टाक्यांमधल्या जागेत गोळा होतो. दोन-तीन धुण्यांत कुठे गाठ, कुठे नुसतंच कापड, अशी अवस्था होते.

कारखान्यात तयार होणाऱ्या सुती भरणात नेमका हाच प्रश्न सोडवलेला असतो. तंतू विंचरून त्यांचे पातळ पापुद्रे करतात आणि एकावर एक रचतात. मग त्या थरातून बारीक काटे असलेल्या सुया वर-खाली फिरवतात. काट्यांमुळे वरचे तंतू खाली ओढले जातात आणि सगळे एकमेकांत गुंततात. याला नीडल-पंच म्हणतात. काही प्रकारांत आत पॉलिस्टरची पातळ जाळीही असते, त्यामुळे भरण ताणलं जात नाही. काही ठिकाणी सुयांऐवजी चिकटद्रव्य फवारून किंवा उष्णता देऊन तंतू जोडतात. तुम्ही पैसे देता ते तंतू असे एकमेकांत गुंतवण्याचे.

याचा थेट फायदा टाक्यांना होतो. नीडल-पंच आणि जाळीच्या भरणात टाक्यांच्या दोन ओळींमध्ये बरंच अंतर चालतं. काही प्रकारांत ते २० ते २५ सेंटीमीटरपर्यंत असतं आणि पाकिटावर छापलेलं असतं. सुट्या, पिंजलेल्या कापसाला मात्र चार-पाच सेंटीमीटरवर धावदोरा हवा. गोधडीवर ओळीला लागून ओळ का असते, त्याचं हेही एक कारण आहे. घरच्याच कापसाचा रनर करायची हौस असेल तर सणापुरत्या चौरंगाच्या रनरसाठी जरूर करा. पातळ मलमलच्या दोन थरांमध्ये कापूस पसरवा, दाट धावदोरा घाला, हातानेच धुवा आणि पिळू नका. आपल्या रानातला कापूस आपल्या कानबाईखाली अंथरला, याचा आनंद त्या मेहनतीहून मोठा आहे. रोजच्या टेबलासाठी मात्र तो नको.

पॉलिस्टर आणि गरम पातेलं

शिवणाच्या सामानाच्या दुकानात सगळ्यात सहज मिळतं ते पॉलिस्टर वाडिंग. स्वस्त असतं, हलकं असतं, धुतल्यावर आटत नाही आणि पावसाळ्यातही लवकर वाळतं. टीपॉयच्या रनरसाठी ते वाईट नाही; पातळ, ६० ते १०० जीएसएमच्या आसपासचं घेतलं तर टाक्यांची नक्षी छान उठून दिसते.

जेवणाच्या टेबलावर मात्र मी ते वापरू नका म्हणेन. पॉलिस्टर वितळतं साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला, त्यामुळे उकळत्या रश्श्याच्या पातेल्याने ते लगेच वितळेल असं नाही. पण त्याचे तंतू ७० ते ८० अंशांच्या पुढेच मऊ पडू लागतात. गरम पातेल्याचं वजन त्यावर राहिलं की ते दबलेल्या आकारातच थंड होतात आणि पुन्हा उठत नाहीत. रनरवर पातेल्याच्या बुडाचा गोल खड्डा कायमचा राहतो. फोडणीची कढई किंवा भाकरीचा तवा उतरवून थेट ठेवला तर गोष्ट वेगळीच, कारण तापलेला तवा २०० अंशांच्याही पुढे सहज जातो. पॉलिस्टर तिथे कापडाला आतून चिकटून बसू शकतं. कापूस वितळत नाही. फार तापला तर करपतो, पण त्याआधी आपल्याला वास येतो.

पॉलिस्टरची आणखी दोन दुखणी आहेत. हलक्या प्रतीच्या वाडिंगमधले तंतू हळूहळू कापडाच्या विणीतून वर येतात. काळ्या किंवा गर्द निळ्या रनरवर ती पांढरी लव लगेच दिसते आणि ओढून काढली तर आतले आणखी तंतू सोबत येतात. दुसरं दुखणं तर्रीचं. पॉलिस्टर तेलाला धरून ठेवतं. सुती कापडातलं तेल कोमट साबणाच्या पाण्यात बऱ्यापैकी निघतं, पॉलिस्टरमधलं चिवट असतं आणि दिवसांनी त्याला वास मारतो.

कापूस आणि पॉलिस्टर मिसळलेलं भरणही मिळतं, बहुतेक ८० टक्के कापूस आणि २० टक्के पॉलिस्टर. ते सुतीपेक्षा कमी आटतं, वजनाला हलकं असतं आणि तरी सपाट पडतं. मशीनवर पहिल्यांदाच रनर शिवणाऱ्यांना मी हे सुचवेन. इस्त्रीने चिकटणारं भरणही मिळतं. कच्चे टाके घालण्याचा त्रास त्यात वाचतो, पण ते नीट चिकटलं नाही तर धुतल्यावर कापडाखाली फुगे येतात.

उष्णता रोखणारं, आत चकाकणारा धातूचा पापुद्रा असलेलं भरणही आता मागवता येतं. ते एकटं घालू नये. गरम भांड्याच्या बाजूला सुती भरणाचा एक थर हवाच. आणि त्यात धातू असल्यामुळे ते मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवायचं नाही. माझं मत विचाराल तर हे भरण रनरमध्ये नको. ते हाताला कुरकुरतं, टोकं नीट खाली पडत नाहीत. त्याचे हातभर चौकोन शिवून पातेल्याखाली ठेवावेत, रनर मोकळा राहू द्यावा. कोणतंही भरण घातलं तरी एक लक्षात असावं: ओलं कापड उष्णता झरझर खाली पोचवतं, आणि लाकडी टेबलाच्या पॉलिशवर गरम ओलाव्याचा पांढरा डाग उमटतो. रनर ओला असेल तर त्यावर गरम भांडं ठेवूच नये.

दुकानात कापूस म्हणून दिलेलं भरण खरंच कापूस आहे का, हे घरी कळतं. चिमूटभर तंतू सांडशीत धरून, भांड्यांच्या मोरीत, मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्या. कापूस कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, आणि मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं, आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. दोन्ही लक्षणं दिसली तर ते मिश्र आहे.

जुनं धोतर

आणि आता माझ्या सगळ्यात आवडीचं भरण. शंभरदा धुतलेलं सुती धोतर, मऊ झालेलं लुगडं, विटलेली चादर. गोधडीत पूर्वापार हेच जात आलं. रनरसाठी याहून उत्तम काही सापडणं अवघड आहे, असं मी विचारपूर्वक म्हणते. त्याचं जे आटायचं ते कधीच आटून गेलेलं असतं. ते सरकत नाही, गोळा होत नाही, कारण ते विणलेलं कापड आहे. कडेवरून झकास खाली पडतं. उष्णतेला घाबरत नाही. धोतराचे तीन-चार थर घेतले की रनरला हवी तेवढी जाडी येते. चादर जाड असेल तर दोन थर पुरे.

दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. विरलेला, बोट लावताच फाटणारा भाग वापरू नये, तो आतल्या आत फाटत राहतो. आणि कापड शुद्ध सुती आहे ना, ते वरच्या ज्योतीच्या कसोटीवर तपासावं. टेरिकॉटची, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाची, धोतरं आणि चादरीही घरात असतात. गडद छापाची साडी फिक्या कापडाखाली घातली तर छाप वरून जाणवतो, म्हणून भरणाला पांढरं किंवा फिकं कापडच बरं.

आटण्याचा हिशेब

सुती कापड विणताना सूत ताणलेलं असतं. पहिल्यांदा पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि कापड आखूड होतं. सुती भरण साधारण ३ ते ५ टक्के आटतं. मांजरपाट कधी कधी त्याहून जास्त. रनरचे तीन थर वेगवेगळे आटले की गडबड होते. वरचं कापड धुतलेलं आणि भरण कोरं असेल तर पहिल्या धुण्यात सगळ्या रनरवर बारीक सुरकुत्या उठतात. जुन्या गोधडीसारखं ते रूप काहींना आवडतं, आणि टीपॉयवर ते शोभतंही. जेवणाच्या टेबलावर मात्र पेला त्या सुरकुत्यांवर डुगडुगतो. अस्तर जास्त आटलं तर त्याहून वाईट. रनरच्या कडा खाली वळतात, मधला भाग वर उचलला जातो, आणि कितीही इस्त्री केली तरी तो सपाट राहत नाही.

किती आटेल हे आधीच मोजता येतं. भरणाचा आणि अस्तराचा २५ सेंटीमीटरचा एकेक चौकोन कापा, नेहमीसारखा धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. २५ चे २४ झाले तर ४ टक्के आटलं. सहा फुटी रनरला त्याचा अर्थ सुमारे सात सेंटीमीटर कमी. हे आधी कळलं तर अस्तर कापण्याआधी धुवून घ्यायचं. नीडल-पंच भरणही, पाकिटावर मनाई नसेल तर, टबात कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवता येतं. चोळायचं नाही, पिळायचं नाही. तळहातांनी दाबून पाणी काढायचं आणि गच्चीवर सपाट पसरायचं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याला फार वेळ लागत नाही.

अस्तर

अस्तर दिसत नाही म्हणून घरात पडलेला कुठलाही तुकडा लावायचा, ही चूक फार जण करतात. अस्तर टेबलाला रोज घासतं आणि रनरला जागेवर धरतं. सनमायका किंवा काचेच्या टेबलावर गुळगुळीत सॅटीन किंवा टेरिकॉट सरकतं. मुलाने एक टोक ओढलं की पातेलंच खाली. थोडं खरखरीत सुती कापड जागा सोडत नाही. मांजरपाट, खादी, केसमेंट यांतलं काहीही चांगलं. पॉपलीनही चालतं, पण काचेवर ते जरा सरकतं. रेक्झीन किंवा प्लास्टिकचं अस्तर लावण्याचा मोह होतो, कारण सांडलेलं टेबलापर्यंत पोचू नये असं वाटतं. त्याने ओल आत कोंडते, श्रावणात कुबट वास येतो आणि गरम भांड्याने प्लास्टिक टेबलाला चिकटतं. ते टाळा.

मांजरपाट घेतलात तर त्यातली खळ दोनदा गरम पाण्यात धुवून काढा. कोरा असताना तो कडक आणि दणकट वाटतो. खळ गेल्यावर त्याची खरी वीण दिसते. विरळ निघाला तर अस्तराला वापरू नका, भरणाचे तंतू त्यातून बाहेर येतील. उलट फार घट्ट विणीची महागडी चादर मशीनला सोपी जाते, पण हाताने धावदोरा घालणाऱ्यांची बोटं दुखवते. वजनाचा नियम साधा: अस्तर वरच्या कापडाएवढं किंवा किंचित हलकं असावं, जड नसावं.

कापडाची दिशाही पाहावी. काठाला समांतर जाणारा उभा धागा म्हणजे ताणा, आडवा तो बाणा. हाताने ओढून पाहिलं तर ताण्याच्या दिशेने कापड कमी ताणलं जातं. रनर लांबट असतो, म्हणून अस्तराचा ताणा रनरच्या लांबीला धरून असावा. आडवं कापलं तर लांब कडा हळूहळू ताणल्या जातात आणि लाटा येतात. काठाची घट्ट पट्टी कापूनच टाकावी. ती बाकी कापडापेक्षा वेगळी आटते.

आता मापाचा हिशेब. पाच फुटी टेबलावर दोन्ही टोकं सहा-सहा इंच खाली सोडायची तर रनर ७२ इंच लांब, रुंदी समजा १४ इंच. चारही बाजूंना दोन इंच जादा धरले की अस्तर ७६ बाय १८ इंच हवं. ७६ इंच म्हणजे १९३ सेंटीमीटर. आटण्याची सोय धरून सव्वादोन मीटर घ्यावं. ४४ इंच पन्ह्यातून दोन रनरची अस्तरं निघतात. ३६ इंच पन्ह्यातून, काठ कापल्यावर आणि कापड आटल्यावर, एकच. एकच रनर करायचा असेल तर ४४ च्या पन्ह्यातल्या उरलेल्या भागात गोटाच्या पट्ट्या आरामात बसतात. कापड आखूड असेल तर जोड द्यायला हरकत नाही. तो बरोबर मध्यावर नको, तिथेच पातेली येतात आणि घडीही तिथेच पडते. एका टोकाकडे घ्या आणि शिवण उलगडून इस्त्री करा, म्हणजे उंचवटा राहणार नाही.

रंगाचं सांगायचं तर लाल, मरून आणि निळी अस्तरं आधी तपासा. ओल्या पांढऱ्या रुमालाने दाबून घासा. रुमालाला रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत कापड धूत राहा, आणि तरीही रंग जातच असेल तर ते कापड सोडून द्या. नाहीतर तो रंग भरणातून वर येतो. वरचं कापड पांढरं असेल तर भरणही स्वच्छ पांढरं घ्या. ब्लीच न केलेल्या सुती भरणात सरकीचे तपकिरी कण असतात आणि ते पातळ पांढऱ्या कापडातून डोकावतात. छापील अस्तरात मागच्या बाजूचे कमी-जास्त टाके लपतात. साध्या अस्तरात प्रत्येक टाका दिसतो. हात बसलेला असेल तर तेच जास्त देखणं. दोन्ही बाजू वापरायच्या असतील तर एक सणाची आणि दुसरी, रोजची, हळदीच्या जवळच्या रंगाची करा. हळदीचा डाग साबणाने आधी लालसर होतो, तेव्हा घाबरू नका. रनर धुवून कडक उन्हात टाका, तो डाग उन्हात फिका पडतो.

सगळं ठरलं की मोठं कापड कापण्याआधी एक नमुना करावा. तिन्ही थरांचे वीतभर चौकोन एकमेकांवर ठेवा, कच्चे टाके घाला, ठरवलेल्या अंतरावर शिवा, धुवा, वाळवा. त्यावर भरलेला पेला ठेवून पाहा. गरम पातेलं पाच मिनिटं ठेवून उचला आणि खाली टेबल किती तापलं ते हाताने बघा. चौकोन टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर ठेवा आणि तो खाली वाकतो की ताठ राहतो ते पाहा. मागच्या बाजूला चुण्या पडल्या असतील तर कच्चे टाके जास्त जवळ घाला, किंवा मशीनमधल्या कापड दाबून धरणाऱ्या पायाचा (प्रेसर फूट) दाब कमी करा. कडा वळल्या असतील तर अस्तर अजून एकदा धुवायला हवं.